मॅकडूगल स्ट्रीटची तळघरं आणि डेव्ह व्हॅन राँक

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये मॅकडूगल नावाचा एक अरुंद रस्ता आहे. त्याचा ब्लीकर स्ट्रीट ते वेस्ट थर्ड स्ट्रीट एवढा तुकडा पार करायला दोन-तीन मिनिटं पुरतात. ११० क्रमांकाला फोकलोर सेंटर नावाचं दुकान, ११५ ला कॅफे व्हा?, ११६ च्या तळघरात गॅसलाइट हे कॉफीघर, ११९ ला कॅफे रेजिओ. १९५७ ते १९६५ या आठ वर्षांत अमेरिकेतल्या लोकसंगीताच्या लाटेचा मोठा भाग या एवढ्याशा जागेत आणि तिच्या भोवतीच्या गल्ल्यांत घडला. या रस्त्याचा ‘मेयर’ म्हणून ज्याला लोक प्रेमानं ओळखत, तो गायक आणि गिटारवादक डेव्ह व्हॅन राँक. जन्म ३० जून १९३६, ब्रुकलिन. मृत्यू १० फेब्रुवारी २००२, न्यूयॉर्क.

आपल्याकडे त्याचं नाव निघतं ते बहुधा गायक-गीतकार बॉब डिलनच्या चरित्रातला एक वडीलधारा सोबती म्हणून. नव्यानं शहरात आलेल्या डिलनला ज्याच्या घरच्या सोफ्यावर झोपायला मिळालं, तो हा माणूस. ते खरंच आहे, पण त्यात व्हॅन राँकचं खरं काम झाकलं जातं. त्या कॉफीघरांनी गाणाऱ्याकडून विशिष्ट प्रकारची कारागिरी मागितली. ती व्हॅन राँकनं पुरेपूर कमावली आणि कॉफीघरं बंद पडल्यावरही तीसेक वर्षं शिकवत राहिला. त्याच्याविषयी एवढ्या लोकांच्या मनात जिव्हाळा उरला तो त्यामुळे. म्हणून आधी त्या खोल्या कशा होत्या, त्या तशाच का होत्या, हे पाहायला हवं.

मॅकडूगल स्ट्रीटचा हा भाग मुळात इटालियन वस्तीचा. कॉफी प्यायला बसायची जागा ही तिथल्या लोकांची रोजची गरज होती, फॅशन नव्हे. कॅफे रेजिओ १९२७ पासून चालू आहे आणि तिथलं एस्प्रेसो कॉफीचं यंत्र १९०२ सालचं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर या भागातल्या जुन्या चाळीवजा इमारतींत भाडं कमी होतं, म्हणून चित्रकार, कवी, विद्यार्थी तिथे राहायला आले. तळमजल्याच्या खालची तळघरं तर आणखी स्वस्त, कारण कोळसा साठवण्यापलीकडे त्यांचा कुणाला उपयोग नव्हता. गरजवंत माणसं आणि पडीक तळघरं जवळजवळ होती आणि कॉफीची सवय वस्तीत मुरलेली होती. पुढचं काम कायद्यानं केलं.

न्यूयॉर्क शहराचा १९२६ सालचा ‘कॅबरे कायदा’ असा की खाणंपिणं विकणाऱ्या जागी नाच-गाणं करायचं तर वेगळा परवाना काढायला हवा. तमाशाचा फड लावायचा तर पोलिसांचा परवाना लागतो हे आपल्याला ठाऊक आहे, तसंच काहीसं. त्यात १९४० पासून भर पडली कॅबरे कार्डाची. दारू मिळते अशा ठिकाणी गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांकडून हे कार्ड घ्यायचं, त्यासाठी बोटांचे ठसे द्यायचे, आणि पोलिसांना वाटेल तेव्हा ते काढून घेता येई. थेलोनिअस मंक आणि बिली हॉलिडे यांच्यासारख्या थोर जॅझ कलाकारांना कार्ड नसल्यामुळे वर्षानुवर्षं न्यूयॉर्कच्या क्लबांत काम करता आलं नाही. कार्डांची ही पद्धत १९६७ पर्यंत टिकली, मूळ कायदा तर २०१७ मध्ये रद्द झाला.

कॉफीघरात दारू नव्हती. त्यामुळे गाणारा कार्डाच्या कचाट्यातून सुटला आणि दारूच्या परवान्याचा खर्चही वाचला. जागा नेमकी कुठल्या कलमात बसते यावरून तपासनिसांशी ओढाताण चालूच राहायची. आज अग्निशमन खात्याची हरकत, उद्या आणखी कुणाची. तरी एक माणूस, एक गिटार, ना ढोल ना कर्णा, असा कार्यक्रम या फटीत बसत होता. बँड बसला नसता. लोकसंगीत आणि कॉफीघर यांची जोडी जमली त्यामागे आवडीनिवडीइतकाच या फटीचाही हात आहे. आणखी एक फायदा असा की दारू नसल्यामुळे कोवळ्या वयाची शाळकरी मुलंही आत येऊ शकत. या गाण्याचा श्रोतावर्ग एवढा तरुण का होता, याचं साधं कारण हे.

गॅसलाइट हे या सगळ्या तळघरांमधलं मानाचं ठिकाण. जॉन मिचेलनं ते १९५८ मध्ये उघडलं. छत इतकं बुटकं की उंच माणसाला वाकून चालावं लागे. छत वर नेता येत नाही, म्हणून मिचेलनं जमीन खोदून खाली नेली. जेमतेम शंभरेक माणसं मावतील एवढी जागा, डोक्यावरून जाणारे नळ, मंद दिवे. इमारतीच्या मधोमध हवेसाठी सोडलेली उभी पोकळी होती आणि वरच्या मजल्यांवरच्या बिऱ्हाडांच्या खिडक्या तिच्यात उघडत. खाली टाळ्या वाजल्या की तो आवाज पोकळीतून थेट वर जायचा, झोपमोड झालेली माणसं पोलिसांना बोलवायची. म्हणून टाळ्या बंद. गाणं आवडलं तर चुटक्या वाजवायच्या. पुढे ही चुटकी त्या पिढीची खूण म्हणून चित्रांत-विनोदांत अजरामर झाली आणि लोकांना ती नखऱ्याची वाटली, पण तिचं मूळ शेजाऱ्यांच्या झोपेत आहे.

सुरुवातीला इथे राज्य होतं कवींचं. ॲलन गिन्सबर्ग, ग्रेगरी कॉर्सो यांनी या खोलीत कविता वाचल्या. लोकगीतं गाणाऱ्याचं काम वेगळंच असायचं, आणि व्हॅन राँक ते स्वच्छ सांगत असे: एका वाचनाची गर्दी उठवून दुसऱ्या गर्दीला जागा करून देणं. तीन गाणी म्हणायची, आणि तरीही खोलीत कुणी उरलं असेल तर गायकाचं काम गेलं! यामागचा हिशेब सोपा आहे. दारूच्या गुत्त्यात बसलेला माणूस दर अर्ध्या तासानं पेला भरून घेतो. कॉफीघरातला माणूस एका कपावर रात्र काढू शकतो. शंभर खुर्च्या एकदाच भरल्या तर दिव्याचं बिलही निघणार नाही. त्या रात्रीतून चार-पाच वेळा भरायला हव्यात. त्यासाठी दारात एक माणूस उभा करत. येणाऱ्या-जाणाऱ्याला गोड बोलून आत ओढायचं हे त्याचं काम. आत आलं की महागडी कॉफी, वीस-पंचवीस मिनिटांचं गाणं, आणि चला, पुढच्यांना जागा द्या.

गायकाचे पैसे टोपलीतून. प्रत्येकाची पाळी संपली की वेताची टोपली टेबलांवरून फिरायची, म्हणूनच अशा जागांना ‘बास्केट हाउस’ हे नाव पडलं. टोपली फिरवण्याची वेळ फार महत्त्वाची. गाणं संपून दोन मिनिटं गेली की लोक जिन्यावर पोचलेले असतात. या पद्धतीनं गाण्यांची निवडही ठरवली. पंचवीस कडव्यांचा जुना पोवाडावजा बॅलड टोपलीसमोर टिकत नाही. पहिलं गाणं खणखणीत हवं, कारण लोक अजून खुर्च्या सरकवत असतात. मध्ये एक हसवणारं. शेवटचं असं की हात खिशाकडे जावा. शनिवारी रात्री एकेका गायकाच्या अशा कितीतरी पाळ्या व्हायच्या. दोन पाळ्यांच्या मध्ये सगळे शेजारच्या केटल ऑफ फिश या दारूच्या अड्ड्यावर जमायचे. गॅसलाइट पुढे वेगळं ठरलं ते यामुळे की तिथे गायकाला ठरलेला पगार मिळू लागला. मिचेलनंतर ही जागा हूड कुटुंबाकडे गेली. मंगळवारच्या रात्री तिथे कुणीही येऊन गावं अशी ‘हूटनॅनी’ भरे आणि ती चालवायचा व्हॅन राँक. नवा मुलगा मंचावर किती वेळ ठेवायचा, कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर, हे त्याच्या हातात होतं. ‘मेयर’ ही पदवी त्याला शोभत होती.

आता ‘लोकगायक’ या शब्दाविषयी थोडं. आपल्या मनात लोकगायक म्हणजे परंपरेत जन्मलेला माणूस, वाघ्या, गोंधळी, शाहीर. व्हॅन राँक तसा नव्हता. ब्रुकलिन आणि क्वीन्समधला शहरी मुलगा, शाळा अर्ध्यात सोडलेला, लुई आर्मस्ट्राँग आणि जेली रोल मॉर्टन यांच्या जुन्या जॅझनं वेडावलेला. गिरगावातल्या मुलानं जुन्या तबकड्या ऐकून पोवाडा शिकावा, तसं त्याचं ब्लूज हे कृष्णवर्णीयांचं गाणं शिकणं. आधी तो जॅझ बँडमध्ये टेनर बँजो वाजवत असे. त्या काळी जुन्या वळणाच्या जॅझला काम मिळेना, म्हणून तो व्यापारी जहाजावर खलाशी होऊन दोनदा समुद्रावर जाऊन आला. १९५७ मध्ये वेस्ट थर्ड स्ट्रीटवर कॅफे बिझार उघडलं, तिथे त्याचं गाणं ऐकून ओडेटा या मोठ्या गायिकेनं त्याला हाच धंदा कर असं सांगितलं. तिच्या भरवशावर तो वाटेत गाड्यांना हात करत शिकागोला गेट ऑफ हॉर्न या क्लबमध्ये परीक्षा द्यायला गेला. मालक अल्बर्ट ग्रॉसमननं नकार दिला. त्या प्रवासात खलाशाची कागदपत्रंही गेली, त्यामुळे जहाजाचा रस्ता बंद झाला आणि गाणं हाच धंदा उरला. २०१३ च्या एका हॉलिवूडपटात त्याच्या आठवणींतले हे धागे उचलले आहेत. पण त्यातला सगळ्यांना नकोसा झालेला एकलकोंडा नायक म्हणजे व्हॅन राँक नव्हे. खरा व्हॅन राँक माणसांच्या घोळक्यात रमणारा, धिप्पाड, घशातून गर्जना काढणारा, पुस्तकांत बुडालेला आणि राजकारणावर पहाटेपर्यंत वाद घालणारा होता. मंचावर त्याच्या पायाशी आयरिश व्हिस्कीचा दगडी बुधला असायचा.

परंपरा या शहरी मुलांपर्यंत पोचली ती दोन वाटांनी. एक वाट तबकड्यांची. १९५२ मध्ये फोकवेज कंपनीनं हॅरी स्मिथ या विक्षिप्त संग्राहकानं निवडलेली ८४ जुनी गाणी सहा तबकड्यांवर काढली. ती मूळ ध्वनिमुद्रणं १९२७ ते १९३२ मधली. मिसिसिपी जॉन हर्ट हे नाव मुलांना कळलं ते त्यातून. १९२८ साली ध्वनिमुद्रण केलेला हा माणूस कधीच वारला असणार असं सगळे धरून चालले होते. १९६३ मध्ये तो मिसिसिपीतल्या अ‍ॅव्हलॉन गावी शेतात राबताना सापडला, आणि पुढे गॅसलाइटच्या त्याच तळघरात येऊन गायला. ज्यांनी त्याची बोटं तबकडी थांबवून-थांबवून शोधली होती, त्यांना ती आता चार हातांच्या अंतरावर दिसत होती.

दुसरी वाट वॉशिंग्टन स्क्वेअर बागेची. दर रविवारी दुपारी तिथल्या कारंज्याभोवती गाणारे-वाजवणारे जमत. परवानगी फक्त तंतुवाद्यांना आणि गळ्याला. ढोल चालत नसे. एका बाजूला ब्लूग्रासवाले, दुसरीकडे बॅलडवाले, मध्येच ब्लूज, आणि ज्याला शिकायचंय त्यानं ज्याची बोटं आवडतील त्याच्यासमोर उभं राहायचं. व्हॅन राँकनं टॉम पेली यांचं बोटांनी वाजवणं इथे पाहिलं आणि ते शिकून घेतलं. १९६१ च्या वसंतात उद्यान आयुक्त न्यूबोल्ड मॉरिस यांनी ही परवानगी नाकारली. ९ एप्रिलच्या रविवारी फोकलोर सेंटरचा मालक इझी यंग याच्यामागून शेकडो लोक बागेत गेले, कोरड्या कारंज्यात बसून गायले, राष्ट्रगीत म्हणताना तरी पोलीस डोक्यात मारणार नाहीत या हिशेबानं तेही गायले. झटापट झाली, काहींना अटक झाली, आणि काही आठवड्यांत गाण्याला पुन्हा मुभा मिळाली.

इझी यंगच्या दुकानाचा उल्लेख राहून जाऊ नये. १९५७ मध्ये उघडलेल्या त्या चिंचोळ्या खोलीत गिटारच्या तारा, पुस्तकं, तबकड्या, कुणाचं पत्र, कुणासाठी निरोप, सगळं मिळायचं. यंगला धंदा कधी जमला नाही. ४ नोव्हेंबर १९६१ ला त्यानं पदरचे पैसे घालून कार्नेगी हॉलच्या छोट्या सभागृहात डिलनचा पहिला कार्यक्रम लावला, तेव्हा पन्नासेक माणसं आली. १९६० मध्ये वेस्ट फोर्थ स्ट्रीटवरच्या, दारूही मिळणाऱ्या एका उपाहारगृहात गाणं सुरू करण्याची कल्पनाही त्याचीच. ते चालायला लागल्यावर मालक माइक पोर्कोनं ते स्वतःकडे घेतलं आणि गर्डीज फोक सिटी हे नाव दिलं. इथे दारू होती, म्हणून कागदपत्रंही लागत. एप्रिल १९६१ मध्ये ब्लूज गायक जॉन ली हूकरच्या आधी गायला डिलनला घेतलं तेव्हा तो १९ वर्षांचा होता. संगीतकारांच्या संघटनेच्या कार्डासाठी पालकाची सही हवी म्हणून पोर्कोनंच ती केली.

व्हॅन राँकची बोटं कशी चालत, हे जरा तपशिलात सांगायला हवं, कारण त्याचा वारसा तिथे आहे. त्याचे खरे गुरू रेव्हरंड गॅरी डेव्हिस. दक्षिण कॅरोलायनात १८९६ मध्ये जन्मलेले, अंध, रस्त्यावर भजनं गाणारे आणि पाच डॉलरला एक धडा देणारे. त्यांच्या लेखी गिटार म्हणजे गळ्यात अडकवलेला पियानो. ते उजव्या हाताचा फक्त अंगठा आणि तर्जनी वापरत आणि तेवढ्यात पियानोवाल्याच्या दोन्ही हातांचं काम करत.

कल्पना अशी: अंगठा म्हणजे पियानोचा डावा हात. तो जाड तारांवर, सहावी, पाचवी आणि चौथी, एकाआड एक, घड्याळासारखा चालतो. सी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) धरली तर पाचवी-चौथी-पाचवी-चौथी, किंवा पाचवी-चौथी-सहावी-चौथी. एका मात्रेलाही खंड नाही. वरच्या तीन बारीक तारांवर तर्जनी, आणि इतरांच्या बाबतीत मध्यमाही, गाण्याची चाल वाजवते, कधी अंगठ्याच्या बरोबर, कधी दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत. सगळी गंमत त्या फटीतल्या सुरांची.

शिकताना बहुतेकांचं बिघडतं ते एकाच ठिकाणी. चालीचा सूर ठोक्याच्या मध्ये आला की अंगठा त्याच्यासाठी थांबतो किंवा त्याच्या मागे पळतो. तबल्याचा ठेका धरणारा हात गाणाऱ्याकडे बघून चुकावा तसं. उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: नुसता अंगठा इतका वेळ चालवायचा की तो चालू असताना शेजारच्याशी गप्पा मारता याव्यात. मग चालीचा एकच सूर अंगठ्याबरोबर चिमटीत वाजवायचा. तो बसला की तोच सूर अर्ध्या मात्रेनं मागे सरकवायचा. एक-एक सूर असा वाढवत जायचं. दुसरी चूक खर्जाच्या गुंजनाची. बुटक्या छताच्या खोलीत जाड तारा घुमतात आणि चाल बुडते. म्हणून तळहाताची कड घोडीवर, तारा जिथे टेकतात तिथेच, हलकी ठेवायची. कड अर्धा इंच पुढे सरकली तर तार मरते आणि ठक-ठक ऐकू येतं. मागे राहिली तर गुंजन तसंच. ती जागा प्रत्येकाला आपल्या गिटारवर शोधावी लागते.

व्हॅन राँकच्या आवडीची एक जुळणी म्हणजे ‘ड्रॉप डी’. सहावी तार ई ऐवजी एक पूर्ण स्वर उतरवून डी वर आणायची. मग खालच्या तीन तारा डी-ए-डी, म्हणजे आपल्या भाषेत सा-प-सा, अशा लागतात आणि गिटारच्या खाली तंबोऱ्यासारखी बैठक तयार होते. यातही दोन खड्डे आहेत. एक तार सैल केली की गिटारच्या मानेवरचा ताण कमी होतो आणि बाकीच्या पाच तारा किंचित चढतात. फक्त सहावी लावून गायला बसलं तर पहिल्याच ओळीत सगळं बेसूर वाटतं. सहाव्या तारेनंतर बाकीच्या पुन्हा तपासायच्याच. दुसरं, जी कॉर्डचा खर्ज तिसऱ्या फ्रेटवरून (मानेवरच्या आडव्या पट्टीवरून) पाचव्यावर जातो, आणि सवयीनं बोट तिसऱ्यावर पडलं की एफ वाजतो. सैल तारेवर अंगठा जोरात मारला तर सूर क्षणभर चढतो, म्हणून ती नेहमीपेक्षा हळू छेडायची.

यावर व्हॅन राँकनं स्वतःची भर घातली ती जॅझच्या स्वरसंगतीची. ब्लूज गाणाऱ्यांच्या तीन कॉर्डांत तो ड्यूक एलिंग्टन आणि मॉर्टन यांच्या बँडमधल्या सुरांची मांडणी आणायचा. १९०४ साली पियानोसाठी छापलेली ‘सेंट लुई टिकल’ ही रॅगटाइम (तुटक, उडत्या तालाची) रचना त्यानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला गिटारवर बसवली, आणि रॅगटाइम गिटारवर वाजवता येतं हे पुढच्या वादकांना त्यातून उमगलं. १९७६ मध्ये त्यानं ‘मेपल लीफ रॅग’चीही स्वतःची मांडणी ध्वनिमुद्रित केली.

त्याच्या या बुद्धीचं सर्वांत गाजलेलं फळ दुसऱ्यांच्या नावावर गेलं. ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे गाणं ॲलन लोमॅक्सनं १९३७ मध्ये केंटकीतल्या मिडल्सबरो इथे जॉर्जिया टर्नर या सोळा वर्षांच्या मुलीकडून ध्वनिमुद्रित केलं होतं. व्हॅन राँकनं ते हॅली वुड या गायिकेच्या तबकडीवरून घेतलं आणि त्याच्या खाली अर्ध्या-अर्ध्या स्वरानं उतरणारा खर्ज घातला. आपल्या सरगमीत मांडायचं तर सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. जॅझवाल्यांना ही उतरंड ओळखीची. लोकगीताखाली ती कुणी घालत नव्हतं. वरची चाल तीच राहते, पण पायाखालची जमीन एकेक पायरी खचत जाते आणि त्या गाण्यातल्या बरबाद झालेल्या आयुष्याला ते शोभून दिसतं. नोव्हेंबर १९६१ मध्ये डिलननं पहिल्या तबकडीसाठी हीच मांडणी घेतली आणि मग येऊन विचारलं, तुझी मांडणी घेतली तर चालेल का? व्हॅन राँक स्वतः ते गाणं लवकरच ध्वनिमुद्रित करणार होता. तो म्हणाला थांब, तेव्हा कळलं की काम आधीच उरकलंय. पुढे लोक त्यालाच विचारू लागले, हे डिलनचं गाणं का म्हणतोस? त्यानं ते गाणं सोडून दिलं. १९६४ मध्ये ॲनिमल्स या इंग्लिश बँडचं तेच गाणं जगभर गाजलं, तेव्हा डिलनवरही तीच पाळी आली. या प्रसंगानं व्हॅन राँक दुखावला होता, पण मैत्री तुटली नाही, आणि तो ही गोष्ट पुढे हसून सांगत असे.

१९६४ नंतर मॅकडूगल स्ट्रीट झपाट्यानं बदलला. बीटल्स आले, मग जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलननं विजेची गिटार हाती घेतली. बँडला मोठा मंच, मोठे ध्वनिवर्धक आणि दारूची विक्री लागते. शंभर खुर्च्यांच्या तळघराला यांतलं काहीच झेपणारं नव्हतं. गर्दीमुळे भाडी वाढली. ज्या स्वस्ताईमुळे हे सगळं उगवलं होतं, ती प्रसिद्धीनं संपवली. गॅसलाइट १९७१ मध्ये बंद झालं. इझी यंग १९७३ मध्ये स्टॉकहोमला निघून गेला. फोक सिटी जागा बदलून १९८७ पर्यंत तग धरून राहिलं. व्हॅन राँकनं १९६८ च्या सुमारास हडसन डस्टर्स हा बँड काढून पाहिला, पण तो टिकला नाही.

बाकीचे कॅलिफोर्नियाला गेले, तो व्हिलेजमध्येच राहिला. गाडी चालवायला तो कधी शिकला नाही, कित्येक वर्षं विमानात बसला नाही. दौऱ्याला आगगाडीनं, बसनं नाहीतर कुणा तरुण वादकाच्या गाडीतून जायचा. जून १९६९ च्या एका रात्री स्टोनवॉल या समलिंगींच्या बारवर पोलिसांची धाड पडली आणि दंगल उसळली, तेव्हा तो शेजारच्या लायन्स हेड या बारमध्ये होता. आवाज ऐकून बाहेर आला आणि अटक झालेल्या तेरा जणांत तोही सापडला. मे १९७४ मध्ये त्याचा गायक मित्र फिल ऑक्सनं चिलीतल्या लष्करी उठावाच्या निषेधार्थ कार्यक्रम केला, त्यात तो गायला. ऐंशीच्या दशकात मॅकडूगल स्ट्रीटवर गायकांनी सहकारी पद्धतीनं स्पीकईझी हा क्लब चालवला आणि १९८२ पासून ‘फास्ट फोक’ हे तबकडीसह निघणारं मासिक काढलं. सुझान व्हेगासारखे गायक त्यातून पुढे आले, आणि या नव्या मुलांच्या पाठीशी व्हॅन राँक उभा होता. घरी शिकवण्याही चालूच. विद्यार्थ्यांना तो सुरांच्या जागा तारांच्या सहा रेघांवर लिहून द्यायचा. त्याच्याकडे शिकलेली माणसं आठवण सांगतात ती बहुधा एका आग्रहाची: काय वाजवायचं यापेक्षा काय गाळायचं ते आधी ठरव.

डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकन संगीतकारांच्या ‘ॲस्कॅप’ या संस्थेनं त्याला जीवनगौरव दिला. शेवटचा कार्यक्रम २२ ऑक्टोबर २००१ ला मेरीलँडमधल्या अ‍ॅडेल्फी इथे झाला. आतड्याच्या कर्करोगावर उपचार चालू असतानाच पुढे तो गेला. २००४ मध्ये शेरिडन स्क्वेअरजवळ बॅरो स्ट्रीट आणि वॉशिंग्टन प्लेस मिळतात तिथल्या छोट्या तुकड्याला त्याचं नाव देण्यात आलं. कॅफे रेजिओ तिथून पायी दहा मिनिटांवर, आणि ते जुनं यंत्र अजून आत उभं आहे.

ज्यांना हे कानांनी समजून घ्यायचं आहे त्यांनी त्याची १९५९ ची फोकवेजची पहिली तबकडी आणि अ‍ॅडेल्फीच्या त्या शेवटच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ ऐकावं. पहिल्यात बावीस-तेवीस वर्षांचा तरुण ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा आवाज लावू पाहतोय आणि गिटार धावतेय. दुसऱ्यात आवाज खरोखरच खरवडलेला आहे, सूर निम्म्यावर आलेत, आणि अंगठा कुठेही थांबत नाही.